लावणीसारखा संगणक

एकटीने खाचर लावायला घेतलं तर दिवस सरतात. सगळ्याजणी उतरल्या की दुपारीच आटपतं. डॉ. विजय भटकरांनी संगणकाचं हेच केलं.

१९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी ते जन्मले. पुढे भारताने मागितलेला मोठा संगणक अमेरिकेने नाकारला. शस्त्रांसाठी वापरतील, ही भीती. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक संस्था निघाली. भटकर आणि सहकाऱ्यांनी अनेक लहान यंत्रं जोडून त्यांना काम वाटून दिलं. १९९१ साली ‘परम’ महासंगणक तयार झाला.

पावसाचा अंदाज म्हणजे अफाट हिशेब, आणि तो पाऊस येण्याआधी व्हायला हवा. आज तो महासंगणकच असा वाटून करतात.

२२ जुलै २०२१ ला आपल्या तळियेवर, पोलादपुरात केवनाळ्यावर दरड कोसळली. इशारा फोनवर येतो, पण डोंगरातल्या वाडीत रेंज नसते. तिथून पुढचं काम आपलं. आम्ही गटात घरं वाटून घेतली आहेत: रेड अलर्ट आला की कुणी कुठलं दार ठोठवायचं, कुठल्या म्हातारीला हात द्यायचा. तुमच्या गटानेही येत्या बैठकीत हे ठरवा.