आठ ट्रॅक आणि बारा गळे

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा आरत्यांचे नवे ध्वनिमुद्रण करायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. २००६ साली आपण आरत्यांची सीडी काढली तेव्हा यंत्रापाशी मी बसलो होतो. म्हणून सचिवांनी सांगितले, "त्याबद्दल दोन शब्द बोला." दोन शब्दांत काही होणार नाही, पण चहा येईपर्यंत नक्की संपवतो.

पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी गायचे आणि वाजवायचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, तो हाच जमाना. गायक, वादक, सारे एकत्र. एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढे टेपवर शेजारी शेजारी वेगळे पट्टे आले. त्यांनाच आपण ट्रॅक म्हणतो. एका पट्ट्यावर तबला, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर गळा. तबला आज वाजवा, गाणे उद्या गा. पण पट्टे मोजकेच. १९६७ साली बीटल्सनी 'सार्जंट पेपर्स'ची गाणी केली ती चार ट्रॅकच्या यंत्रांवर. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एकदोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचे भरायचे. यालाच स्टुडिओतले लोक 'बाउन्स' म्हणतात.

आपल्या बेंगळुरूचेही सांगायला हवे. कन्नड चित्रपटांना ध्वनिमुद्रणासाठी मद्रासची वाट धरावी लागे, त्या काळात शंकर नाग आणि अनंत नाग या भावांनी इथे 'संकेत' स्टुडिओ उभा केला. शंकर नाग म्हणजे 'मालगुडी डेज'चे दिग्दर्शक एवढे सर्वांना माहीत असते. पण '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आपल्याला अर्थात स्टुडिओ परवडणारा नव्हता. पण १९९६ साली रोलंड कंपनीने व्हीएस-८८० नावाचे यंत्र काढले आणि त्यानंतर हार्ड डिस्कवर आठ ट्रॅक घेणारी छोटी यंत्रे घरोघरी जाऊ लागली. त्या यंत्रात आठांपैकी प्रत्येक ट्रॅकखाली आठ दडलेले ट्रॅक असत, म्हणजे एकूण ६४. ऐकू मात्र एका वेळी आठच येत. आपल्याकडे उसने आलेले यंत्र त्याच जातीचे होते. मल्लेश्वरममधल्या एका सभासदांच्या हॉलमध्ये, रात्री दहानंतर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की आपण सुरू करत असू. दिवे गेले तर यूपीएस जेमतेम वीस मिनिटे टिकायचा.

आता हिशेब बघा. एक तबला, दोन पेटी, तीन मुख्य पुरुष आवाज, चार मुख्य स्त्री आवाज, पाच झांजा. उरले तीन. आणि कोरसला माणसे बारा! त्यातले चौघे आमच्या ऑफिसातले कन्नड सहकारी. त्यांना आरत्या कन्नड लिपीत लिहून दिल्या होत्या. त्यांचा 'ळ' आपल्या इथे वाढलेल्या काही पोरांपेक्षा खणखणीत होता, हे मी तेव्हाही बोललो होतो आणि आजही बोलतो.

मग असे केले. सहावर पुरुष घेतले, सातवर बायका. हे दोन्ही एकत्र करून आठवर उतरवले. सहा आणि सात मोकळे झाले. त्यावर त्याच बाराजणांना उभे राहण्याच्या जागा बदलून पुन्हा गायला लावले. ऐकताना पहिली फेरी मधोमध, दुसरी डावी-उजवीकडे. बारा माणसे चोवीस झाली, मांडव भरल्यासारखे वाटू लागले.

ऐकायला हे सोपे वाटते, पण ट्रॅक एकत्र करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली पातळीची. टेपवर प्रत्येक उतरवणीला खरखर वाढायची आणि आवाजाची धार बोथट व्हायची. डिजिटलमध्ये खरखर तशी वाढत नाही, पण वर छत असते, शून्य डेसिबलचे. त्याला आवाज धडकला की सरळ फाटतो. दोन वेगळे, सारख्याच जोराचे आवाज मिसळले तर बेरीज साधारण तीन डेसिबलने वाढते. त्यांची शिखरे नेमकी एकावर एक आली तर सहाने. म्हणून दोन्ही ट्रॅकची शिखरे उणे सहाच्या खाली ठेवायची, मग चिंता नाही. दुसरी गोष्ट, घुमारा म्हणजे रिव्हर्ब आधी मिसळायचा नाही. कोरडे घ्या, कोरडेच एकत्र करा, घुमारा शेवटी सगळ्यांवर मिळून द्या. एकदा आत शिरलेला घुमारा बाहेर निघत नाही.

तिसरी गोष्ट झांजांची. झांजा कोरसबरोबर एकत्र कराव्यात, म्हणजे आणखी एक ट्रॅक सुटेल, असा आग्रह होता. मी शेवटपर्यंत नाही म्हटले. झांज सगळ्यांना खाते. ती कोरसमध्ये मिसळली असती तर तिचा आवाज कमी करताना माणसांचाही कमी झाला असता. त्यावरून एक रात्र थोडी तणातणी झाली, पण झांजा वेगळ्या राहिल्या.

एकत्र करणे म्हणजे निर्णय पक्का करणे. पुरुष किती, बायका किती, हे त्या क्षणी ठरले की ठरले. मूळ ट्रॅक ठेवले असतील तरच मागे फिरता येते. आणि ठेवायला जागा लागते. सीडीच्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला पाच एमबीच्या वर जातो. आठ ट्रॅक, पाच मिनिटांची आरती, म्हणजे दोनशे एमबीहून जास्त. त्यात एकत्र करण्याआधीचे ट्रॅक वेगळेच. ७०० एमबीच्या सीडीवर जेमतेम दोन-तीन आरत्या. यंत्र परत द्यायचे होते, हाताशी कोऱ्या सीडी दोनच होत्या. सगळे मूळ ट्रॅक मोजक्याच आरत्यांचे ठेवता आले, बाकीच्यांचे फक्त शेवटचे मिश्रण.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका आजींची नात भेटायला आली. आजी कोरसमध्ये होत्या. आता त्या नाहीत. नात म्हणाली, "काका, त्या सीडीतून आजीचा आवाज वेगळा काढून द्याल का? हल्ली कॉम्प्युटर काढतो म्हणे." तिचे खरे होते. २०२३ साली बीटल्सचे 'नाऊ अँड देन' निघाले, त्यात लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटमधून पियानो बाजूला सारून त्याचा गळा वेगळा काढला होता. मी तसा एक प्रोग्राम चालवून पाहिला. झांजा गेल्या, तबला गेला, कोरस बऱ्यापैकी मोकळा झाला. पण एकाच सुरात, एकच शब्द म्हणणाऱ्या बारा गळ्यांतून एक गळा? तो काही निघेना.

मग त्या दोन जुन्या सीडी काढल्या. एक वाचताच येत नव्हती, दुसरी वाचली गेली. सात नंबरचा मूळ ट्रॅक लावला. तिथेही आजी एकट्या नाहीत, पाच बायका एका माईकभोवती. पण आरती सुरू होण्याआधीचा भाग, जो मिश्रणात आपण कापून टाकतो, तो तिथे तसाच होता. बांगड्यांचा आवाज, कुणाचे तरी खोकणे, आणि मग आजी तबलजींना म्हणतात, "अरे, जरा हळू घे रे बाबा, आम्हाला दम लागतो." चार सेकंद. मागे काहीच नाही. तेवढे कापून मी नातीला पाठवले. तिचा उलट फोन आला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

यंदा कॉम्प्युटरवर करणार आहोत, तेव्हा ट्रॅकची टंचाई नाही. एकत्र करायची वेळ तशी येणारच नाही. तरी माझ्या कार्यकारिणीला तीन विनंत्या आहेत. मूळ ट्रॅकच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला वेगळा माईक द्यावा, गाणे बेसूर झाले तरी चालेल. आणि आरतीच्या आधीचे व नंतरचे बोलणे कुणी पुसू नये, त्यात आमच्याबद्दल काही वाईट बोललेले असले तरी. हार्ड डिस्कची वर्गणी मागच्या टेबलावर खजिनदार घेत आहेत, आणि चहाही आलेला दिसतो.