धावणाऱ्याची वही

(राजापेठ, अमरावती येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी लग्नातील खर्च, शिष्यवृत्त्या आणि वधूवरसूचन या विषयांवर विचार ऐकतो. यंदा चालकांनी मजसारख्या निवृत्त शिक्षकास बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी धावण्याचा विषय मागून घेतला. कित्येकांस त्याचे नवल वाटले. परंतु पहाटे राजापेठेतून बडनेऱ्याच्या रस्त्याकडे दृष्टी टाकावी, म्हणजे हा विषय केवळ खेळाचा नाही हे ध्यानी येईल. तेथे अंधारात धावणारी मुले हौसेने धावत नाहीत. कोणास पोलिसात जावयाचे आहे, कोणास सैन्यात. घरची शेती कोरडवाहू, भाऊ दोन, आणि आईबापांची सारी आशा या धावणाऱ्या दोन पायांवर. त्यांत आपल्या समाजाचीही मुले आहेत.

प्रथम मी आपणांपुढे एक कबुली देतो. शाळेत असताना अनेक वर्षे मी मुलांच्या शर्यती घेतल्या. शिट्टी वाजली की मैदानाच्या कडेने मी ओरडत असे, ‘‘पळ! जोर लाव! पहिल्यापासून पुढे राहा!’’ माझ्या मते हेच प्रोत्साहन होते. पुढे माझा एक विद्यार्थी पोलीस भरतीस उतरला. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारास १६०० मीटर धावावे लागते, आणि पूर्ण २० गुण हवे असतील तर ते ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवावे लागते. मुलगा अंगाने काटक, पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे. त्याच्या मित्राने बाहेरून घड्याळ लावले होते, म्हणून चारही फेऱ्यांच्या वेळा मला पुढे कळल्या : ६६, ७४, ८९ आणि ९१ सेकंद. बेरीज ५ मिनिटे २० सेकंद. दहा सेकंदांनी पूर्ण गुण हुकले, आणि निवडीच्या यादीत त्याचे नाव थोडक्यात राहिले. संध्याकाळी तो घरी आला व खाली मान घालून म्हणाला, ‘‘गुरुजी, तिसऱ्या फेरीत पायच उचलले नाहीत. तुम्ही सांगितले तसाच पळालो होतो.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच्या अंगात बळ नव्हते असे नव्हे. बळ कसे खर्च करावे हे मी त्याला शिकविले नव्हते.

मित्रहो, हिशेब तर चौथीच्या मुलासही करता येईल. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरांच्या मैदानावर फेऱ्या चार. प्रत्येक फेरीस साडेसत्त्याहत्तर सेकंद. त्याने पहिली फेरी ६६ सेकंदांत केली, म्हणजे साडेअकरा सेकंद ‘वाचविले’. आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत पंचवीस सेकंद गमाविले. आपण वऱ्हाडातील माणसे, सावकाराचे कर्ज आपणांस समजावून सांगावयास नको. धावण्यातही तसेच कर्ज आहे. श्वासावाटे जेवढा प्राणवायू स्नायूंस पोचतो, त्याच्या मर्यादेत धाव असेल तर शरीर रोखीने व्यवहार करते. ती मर्यादा फार ओलांडली की स्नायू प्राणवायूवाचून साखर जाळू लागतात, त्यांत आम्लता वाढते, आणि पाय जड होतात. आरंभी घेतलेली ही उसनवारी तिसऱ्या फेरीत व्याजासह वसूल होते, आणि तेथे मुदतवाढ मिळत नाही.

थोर धावपटूंनी ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. फिनलंडचा पाव्हो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून धावे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरांच्या अंतिम शर्यतीत तो प्रतिस्पर्ध्यांकडे न पाहता घड्याळाकडे पाहत राहिला. शेवटची फेरी आली तेव्हा त्याने ते घड्याळ गवतावर टाकले आणि शर्यत जिंकली. त्याच दिवशी ५००० मीटरांची शर्यतही त्याने जिंकली. अगदी अलीकडचे उदाहरण केनियाच्या केल्विन किप्टमचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागो येथे त्याने मॅरेथॉन २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत धावून जागतिक उच्चांक केला. पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत, आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत. दमलेल्या पायांनी त्याने दुसरा अर्धा भाग अधिक वेगाने कापला, कारण पहिल्या अर्ध्यात त्याने कर्ज केले नव्हते.

पण दूरचे दाखले कशास हवेत? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील शेतकरी अनवाणी धावत. ते पाहून सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला संघ पाठविण्यास पुढाकार घेतला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. भागाकार करून पाहिला तेव्हा मी थक्क झालो : एका किलोमीटरास जवळजवळ नेमकी ४ मिनिटे! हा हिशेब सरासरीचा आहे हे खरे. परंतु आरंभीच दम उधळणाऱ्यास एवढ्या अंतरावर अशी सरासरी साधत नाही.

आजच्या मुलांना जवळचा वाटेल असा दाखला बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचा आहे. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा सैन्यात गेला आणि तेथे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पुढे आला. २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन त्यांनी १९८१ पासूनचा राष्ट्रीय उच्चांक मोडला. आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती. म्हणजे सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद. वर्षास साडेतीन सेकंदही नव्हेत! महिन्याभरात वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करावयास निघालेल्या आमच्या तरुणांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. त्या विद्यार्थ्याला घेऊन मी हेच केले.

पहिली गोष्ट, जागा मोजून घ्यावी. मैदान ४०० मीटरांचे आहे असे कोणी सांगितले म्हणून मानू नये, टेप लावावा. धावताना आतील पट्टा धरावा. दुसऱ्या पट्ट्यातून धावल्यास एका फेरीत सात मीटरांहून अधिक अंतर वाढते. चार फेऱ्यांत त्याचे पाच सेकंद होतात. मनगटावरची उपग्रहाची घड्याळे रस्त्यावर उपयोगी आहेत, पण लहान मैदानाच्या वळणांवर आणि दाट झाडीत ती चुकतात. तेथे चुन्याची रेघ आणि साधे स्टॉपवॉच अधिक विश्वासाचे.

दुसरी गोष्ट, आजची खरी वेळ स्वीकारावी. आज ६ मिनिटे लागत असतील तर आपली फेरी ९० सेकंदांची आहे. ७७ ची नव्हे. चारही फेऱ्या ९० च्या आसपास आणावयास प्रथम शिकावे, मग ८८, मग ८६. दर २०० मीटरांवर मित्राने वेळ ओरडून सांगावी. काही आठवड्यांत घड्याळावाचूनही पायांस वेग कळू लागतो.

तिसरी गोष्ट, रोज जोर लावू नये. आठवड्यातून दोन दिवस वेगाचे असावेत : ठरलेल्या वेगाने ४०० मीटर, मग विश्रांती, असे पाचसहा वेळा. उरलेल्या दिवशी सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश धावावे, आणि एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. जगातील उत्तम दीर्घपल्ल्याचे धावपटूदेखील आपल्या धावण्यापैकी बहुतेक भाग सावकाशच धावतात, असे अभ्यासकांना आढळले आहे.

चौथी गोष्ट, वही. तारीख, अंतर, प्रत्येक फेरीची वेळ, झोपेचे तास, हवेचा उष्मा, आणि पहाटे अंथरुणात मोजलेली नाडी. रोजची नाडी ५८ असता एके दिवशी ती ६८ भरली, तर शरीर थकलेले आहे किंवा ताप येऊ घातला आहे. त्या दिवशी वेगाची धाव सोडावी. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा हिवाळ्यातील वेळेशी तुलना करून स्वतःस दोष देऊ नये.

या वहीचा उपयोग केवळ गुणांसाठी नाही. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावताना व त्यानंतर दहाहून अधिक तरुण दगावले. ज्या शरीरास मर्यादा कधी मोजून दाखविली नाही, त्यास एका दिवसात सर्व मागितले तर ते प्राणही देऊन बसते. छातीत दुखले, भोवळ आली, तर थांबणे हा भित्रेपणा नव्हे. भरती पुन्हा निघेल. मुलगा पुन्हा मिळत नाही.

त्याचप्रमाणे आकड्यांचा मोहही वाईट. मोबाइलवर दुसऱ्याची वेळ पाहून आपला बेत मोडणारी मुले मी पाहिली आहेत. वही ही कालच्या स्वतःशी तुलना करण्यासाठी आहे.

माताभगिनींस एक विनंती. महिला उमेदवारांस ८०० मीटर धावावे लागते. पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे फेरीस ८५ सेकंद. साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली. आपल्या लेकींनाही पहाटेचा एक तास आणि घरातील कोणाची तरी सोबत द्यावी.

तो विद्यार्थी पुढील भरतीस पुन्हा उतरला. पहिल्या फेरीत तो मागे होता. कडेला उभे असलेले लोक हसत होते. मी ओरडलो नाही. फेऱ्या पडल्या ७८, ७८, ७८ आणि ७५. एकूण ५ मिनिटे ९ सेकंद. आज तो गणवेशात आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडतो. आपल्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. व्यायाम शास्त्रशुद्ध असावा ही गोष्ट या शहरास नवी नाही. आपल्या मंडळाने दोन स्टॉपवॉच, एक लांब टेप आणि पन्नास वह्या घ्याव्यात. खर्च एका सत्कारातील हारतुऱ्यांहून अधिक नाही. माझ्यासारखे निवृत्त लोक पहाटे उठतातच. त्यांनी वेळ टिपून घ्यावी. आणि वार्षिक बक्षिसांत पहिल्या आलेल्याबरोबर, वर्षभरात स्वतःची वेळ सर्वाधिक सुधारणाऱ्या मुलामुलीसही एक बक्षीस असावे. पहिल्या दिवशी टेप धरावयास मी येईन.