आधीं कोणाला उचलाल ?

(पंचगंगेच्या कांठच्या एका गांवीं, पावसाळा तोंडावर आला असतां, शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण.)



मी कांहीं मोठा वक्ता नव्हे. शेतांतून उठून मी येथें उभा राहिलों आहें, तेव्हां सजविलेलें बोलणें माझ्याकडून होणार नाहीं. एकच सवाल तुमच्यापुढें ठेवतों आणि त्याचें उत्तर घेतल्याशिवाय खालीं बसणार नाहीं. सवाल असा : उद्यां रात्रीं नदी गांवांत शिरली, तर तुम्ही आधीं कोणाला उचलाल ?

तुम्ही म्हणाल, "हें काय विचारणें झालें ? ज्याला चालतां येत नाहीं त्याला." तोंडानें आपण सारेच असें म्हणतों. पण प्रसंग आला म्हणजे काय होतें, तें मी माझ्याच घरचें सांगतों. दुसऱ्याचें सांगून कोणाला नांवें ठेवण्यापेक्षां तें बरें.

२०१९ सालच्या ऑगस्टांत कृष्णा-पंचगंगेला पूर आला, तो तुम्ही सर्वांनीं पाहिला आहे. गांवांत कर्ण्यावरून पुकारा झाला, "पाणी चढतें आहे, बाहेर पडा." आम्ही भावांनीं म्हशी सोडल्या, ट्रॅक्टर काढला, धान्याचीं पोतीं माळ्यावर चढविलीं, बायकामुलें पुढें घातलीं आणि टेकावरच्या शाळेंत गेलों. रात्रीं भाकरी वाटतांना माझ्या आईनें विचारलें, "अरे, सुताराचा म्हातारा कोठें दिसत नाहीं ?" साऱ्या गल्लीनें एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. म्हातारा दोन्ही कानांनीं ठार बहिरा. त्याचा मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला. पुकारा साऱ्या गांवानें ऐकला, त्यानें तेवढा ऐकला नाहीं. आमच्या घरचा पाळणा त्यानें केलेला, औतें त्याच्या हातचीं, पण निघतांना आमच्यांतल्या एकालाही त्याची आठवण झाली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला होडींतून आणलें. सारी रात्र तो पोटमाळ्यावर पाय जवळ घेऊन बसला होता. होडींतून उतरतांना त्यानें मला विचारलें, "म्हशी निघाल्या का रे सगळ्या ?" त्यांत टोमणा नव्हता. त्यानें खरोखरीच काळजीनें विचारलें होतें, म्हणूनच तें मला अजून टोंचतें.

मंडळी, आम्ही कांहीं दुष्ट नव्हतों. त्याला आणणें हें साऱ्या गल्लीचें काम होतें, म्हणून तें कोणाचेंच झालें नाहीं. माझें आजचें सारें भाषण या एका वाक्याचा विस्तार आहे.

संकट सर्वांवर सारखें येत नाहीं

पूर आणि भूकंप जातपात पाहत नाहींत, गरीब-श्रीमंत पाहत नाहींत, असें आपण ऐकतों. पाणी पाहत नसेल; पण पाण्याच्या वाटेंत कोणाची झोंपडी आहे, कोणाचें घर दगडी आणि कोणाचें पत्र्याचें, कोणाला पोहतां येतें, कोणाच्या हातीं चार पैसे आहेत, हें माणसांनींच आधीं ठरवून ठेवलेलें असतें.

२६ डिसेंबर २००४ रोजीं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीची लाट आली. तेथील कडलूर जिल्ह्यांत मेलेल्यांत पुरुषांहून बायका कितीतरी अधिक होत्या. कांहीं गांवांत पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रांत गेले होते, आणि तेथें लाट फारशी जाणवत नाहीं. बायका मासळी उतरून घेण्यासाठीं किनाऱ्यावर उभ्या होत्या. त्यांना पोहायला कोणीं शिकविलें नव्हतें. कडेवर मूल आणि पायांत गुंतणारें लुगडें, अशा स्थितींत त्या पळणार कशा ? पुढें मदत आली तेव्हां होडी ज्याची त्याला होडी मिळाली. पण दुसऱ्याच्या होडीवर राबणारा मजूर, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी बाई आणि दलित व इरुळ वस्तींतलीं माणसें पुष्कळ ठिकाणीं मदतीच्या यादीबाहेर राहिलीं.

कोणी म्हणेल, हें गरीब मुलखांत होतें. तर मग जपान पाहा. ११ मार्च २०११ रोजीं तेथें भूकंप होऊन त्सुनामी आली. मेलेल्यांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक माणसें साठीच्या पुढचीं होतीं, आणि अपंगांत मरणाचें प्रमाण इतरांच्या सुमारें दुप्पट भरलें. एवढा संपन्न देश, पण ज्याला पळतां येत नाहीं तो तेथेंही मागेंच राहिला. मात्र जपानी लोकांनीं त्यावरून धडा घेतला. २०१३ सालीं त्यांनीं कायदा सुधारून प्रत्येक नगरपालिकेला व गांवाला यादी करणें भाग पाडलें. संकटांत आपल्या बळानें बाहेर पडूं न शकणारे कोण, हें आधींच लिहून ठेवावयाचें.

आतां आपल्या शेजारचा बांगला देश पाहा. तेथें १९७० च्या वादळांत निदान तीन लाख माणसें मेलीं. १९९१ च्या वादळांत १,३८,००० च्या आसपास मेलीं, आणि तेव्हांही बायकामुलांचाच भरणा अधिक. २००७ च्या मोठ्या वादळांत हाच आंकडा सुमारें साडेतीन हजारांवर आला. वादळांचा जोर गेला असें नव्हे, लोकांची तयारी वाढली. पक्कीं आश्रयघरें झालीं. दारोदार जाऊन सांगणारे स्वयंसेवक उभे राहिले, आणि आज त्यांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. कारण परका पुरुष दाराशीं आला तर पडद्यांतली बाई बाहेर पडत नाहीं, बाई आली तर पडते. गुरांसाठीं मातीचे उंच ओटे घातले. कारण गाय दावणीला बुडत असतां शेतकरी जागचा हालत नाहीं, हें तुम्हांआम्हांला कोणीं सांगावयास नको. दुबळ्याची अडचण काय, हें त्याच्या दाराशीं जाऊन विचारलें म्हणजे असे शहाणपणाचे उपाय सुचतात.

मोफत भाकरीची लाज

आपल्याच मुलखाची एक जुनी हकीगत ऐका. १८७६-७७ सालीं दख्खनमध्यें भयंकर दुष्काळ पडला. सरकारनें खडी फोडण्याचीं व रस्त्यांचीं कामें काढलीं. सर रिचर्ड टेंपल नांवाच्या बड्या साहेबानें हिशेब केला, कीं मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे. पण अंगांत ज्याच्या बळच उरलें नाहीं त्यानें खडी कशी फोडावी ? बाळंतिणीनें काय करावें ? ज्या पोराचे आईबाप गेले, त्यानें कोणाच्या दारीं जावें ?

त्या वेळीं सावित्रीबाई ओतूरकडे दुष्काळी भागांत फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजीं त्यांनीं तेथून जोतीरावांना पत्र लिहून लोकांचे हाल कळविले. त्याच सालीं सत्यशोधक समाजानें पुण्याजवळ धनकवडीस बालाश्रम उघडून उपाशी मुलांना जेवूं घातलें. ध्यानांत घ्या, मुलांकडून त्यांनीं काम मागितलें नाहीं. पुढें १८८० सालच्या दुष्काळ कमिशननेंही हें मान्य केलें, कीं धडधाकटाला काम द्यावें. पण म्हातारे, आजारी, पांगळे व पोरकीं मुलें यांना कामाची अट न घालतां अन्न द्यावें. दुबळ्याला देणें ही कृपा नव्हे, तो नियम आहे, एवढें सरकारदरबारीं लिहिलें जाण्यापूर्वीं लाखों जीव गेले.

घरें पडलीं सारखीं, उठलीं निरनिराळीं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक झोंपले होते. जाड दगडी भिंती आणि वर मातीचें जड माळवद, तें सारें अंगावर आलें. आठ हजारांच्या सुमारास माणसें मेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, हें काम मोठेंच झालें. पण घराचें माप कसें ठरलें ? जमिनीवरून. भूमिहीनाला २५० चौरस फूट, आणि मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूमिहीनाच्या घरांत काय माणसें कमी होतीं ? कुंभार-चांभाराला जमीन नाहीं. पण त्याचें घर हेंच त्याचें कारखाना असतें. त्याला तर जागा अधिक लागते !

त्याच किल्लारीच्या कामांत एक चांगलेंही घडलें. जेथें घरांची दुरुस्ती करावयाची होती, अशा शेंकडों गांवांत महिला मंडळांतल्या बायकांना नेमून त्यांच्याकरवीं घरोघर माहिती पोहोंचविली. पैसा किती येणार, भिंत कशी बांधावी, तक्रार कोठें करावी, हें बायकांनीं बायकांना सांगितलें. ज्यांना लोक अडाणी समजत, त्यांनींच मजबूत घर कसें असतें तें गांवाला शिकविलें.

कायदा आहे, पण तो चालत येत नाहीं

आतां कोणी म्हणेल, "सरकार आहे ना ! आपण कशाला डोकें शिणवावें ?" बरें, कायदा काय म्हणतो तें ऐका. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या ६१ व्या कलमांत लिहिलें आहे, कीं मदत देतांना स्त्री-पुरुष, जात, जमात, वंश वा धर्म यांवरून भेद करतां येणार नाहीं. विधवा व पोरकीं मुलें यांच्यासाठीं खास तरतूद करावी, असेंही त्या कायद्यांत आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानें, जिल्ह्यांतील अपंगांची नोंद ठेवून धोक्याची खबर त्यांना पोहोंचविण्याचें काम जिल्ह्याच्या आपत्ति प्राधिकरणावर टाकलें आहे. सरकारी मदतीच्या नियमांत हस्तकारागिराच्या हत्यारांसाठीं व कच्च्या मालासाठींही मदत आहे. तुमच्यापैकीं किती जणांना हें ठाऊक होतें ? हात वर करा. . . पाहा, दोन हात !

मागितल्याशिवाय आईही वाढीत नाहीं, मग कचेरी कोठून वाढणार ? पंचनामा होतो पडक्या भिंतीचा आणि बुडालेल्या पिकाचा. वाटेकऱ्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, नवऱ्यानें टाकलेल्या बाईचें नांव घरावर नाहीं, ऊसतोड्याचें नांव आपल्या गांवांतच नाहीं. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, अशी मग मदतीची गत होते. म्हणून यादी आपण करावयाची, आणि कायद्याचें बोट धरून ती सरकारपुढें ठेवावयाची.

गांवानें काय करावें

पहिलें काम यादीचें. गल्लीवार एक वही घाला. आंधळा, बहिरा, पांगळा, अंथरुणाला खिळलेला, दिवस भरत आलेली बाई, ओली बाळंतीण, एकटी राहणारी म्हातारी, मनानें आजारी असलेला माणूस, परगांवाहून आलेले मजूर, यांचीं नांवें लिहा. लिहितांना त्यालाच विचारा, "तुला कसें न्यावें ? तुझें औषध कोणतें ? काठी, चष्मा, चाकाची खुर्ची कोठें असते ?" आपण त्याच्या वतीनें ठरवूं नये. आणि वही चावडीवर टांगूं नका. ती भरवशाच्या दोन माणसांजवळ असावी. एकटी बाई कोठें राहते, हें साऱ्या जगाला सांगावयाचें नसतें.

दुसरें, प्रत्येक नांवापुढें दोन नांवें लिहा. अमक्याला उचलण्याचें काम या दोघांचें. एक परगांवीं असला तर दुसरा आहे.

तिसरें, खबर कानालाही द्या आणि डोळ्यालाही द्या. बहिऱ्याच्या दाराशीं माणूस जाऊन कंदील हालवील, दलित वस्तींत व पालांवर माणूस आधीं जाईल. पुकारा जेथें पोहोंचत नाहीं तेथूनच सुरवात करावयाची.

चौथें, होडी. २०१९ च्याच पुरांत सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें झेपेहून अधिक माणसें भरलेली होडी उलटून किती बायाबापड्या व मुलें बुडालीं, तें आठवा. होडींत माणसें मोजून घ्या, आणि घाई होण्याआधीं दुबळ्यांना हलवा. पाणी घराला लागल्यावर नव्हे.

पांचवें, छावणी. जगभर मदतीचें काम करणाऱ्या संस्थांनीं 'स्फिअर' नांवाचे किमान नियम केले आहेत. माणशीं रोज निदान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागें एक संडास, आणि बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट. संडासाला आंतून कडी हवी, वाटेवर दिवा हवा. बायकांच्या महिन्याच्या अडचणीचें सामान मागावयास लागूं नये. तें बाईनेंच बाईला द्यावें. एकटें सांपडलेलें मूल "मी याचा मामा" म्हणणाऱ्या परक्याच्या हवालीं करूं नका. १०९८ या फोनवर कळवा. आणि पंगत एकच ठेवा. पुरांतही जो वेगळी पंगत मागतो, त्याला सांगा, "बाबा, तूं आणि हा एकाच पाण्यांतून आलांत."

सहावें, पंचनाम्याच्या दिवशीं गांवची वही घेऊन हजर राहा. कुंभाराचें चाक, चांभाराची आरी, शिंपिणीचें यंत्र, वाटेकऱ्याचें पीक, हीं ज्याच्या त्याच्या नांवानें लिहून घ्या.

या कामांत पैसा किती लागेल ? एक वही, चार कंदील आणि थोडी लाज.

शेवटीं एकच सांगून बसतों. १८९७ सालीं पुण्यास प्लेग आला. लोक घर टाकून पळत होते. तेव्हां सावित्रीबाईंनीं मुंढव्याकडच्या अस्पृश्य वस्तींतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें, असें सांगतात. त्याच प्लेगानें त्या १० मार्च १८९७ रोजीं गेल्या. आधीं कोणाला उचलावें, हें त्यांना कोणाला विचारावें लागलें नाहीं. आपणांस विचारावें लागतें, म्हणून आपण निदान लिहून तरी ठेवूं.

मी ठराव मांडतों, कीं मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं या गांवची यादी पुरी व्हावी, आणि गल्लीगल्लींतून दोन दोन बाया व दोन दोन पुरुष यांनीं आज येथेंच नांवें द्यावींत. आमच्या गल्लींतलें पहिलें नांव मी स्वतः लिहितों. त्या सुताराच्या दारीं आतां मी जाईन. म्हशी मागाहून निघतील.