चेन सॉ: चेनचा ताण आणि ऑइल

वादळात पडलेलं झाड तोडायला आता बऱ्याच वाड्यांत चेन सॉ आला आहे. त्याच्या बार आणि चेनची काळजी कशी घ्यायची, ते आज पाहू.

आधी इंजिन बंद करा, गार होऊ द्या, स्पार्क प्लगची कॅप काढा. विजेवरचं यंत्र असेल तर प्लग काढा. हातात जाड मोजे हवेतच.

आता चेन ब्रेक सोडा. बारचे नट थोडे सैल करा. बारचं टोक वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू हळूहळू फिरवा. खालच्या बाजूला चेन लोंबता कामा नये. ती बारला टेकली पाहिजे. टोक तसंच वर धरून नट आवळा. मोजे घातलेल्या हाताने ओढल्यावर चेन सहज सरकली, की ताण बरोबर. सैल चेन बारवरून निसटते. तापलेली चेन मात्र ताणून ठेवू नका. गार होताना ती आकसते आणि यंत्रावर जोर येतो. नवी चेन लवकर सैल पडते, ती वरचेवर तपासा.

पेट्रोल भराल तेव्हा चेन ऑइलही भरा. जळकं इंजिन ऑइल वापरू नका. कापण्यापूर्वी बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून चेन फिरवा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही, तर यंत्र बंद करून बारची खाच आणि तेलाचं छिद्र साफ करा. तेल पोहोचल्याशिवाय लाकडाला चेन लावू नका.