भिंतीवर नसलेले छायाचित्र
(एका वाचक मंडळात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या कादंबरीविषयी मला बोलावयाचे आहे, ती आहे अमेरिकन लेखिका क्रिस्टिन हॅना यांची २०२४ साली प्रसिद्ध झालेली ‘द विमेन’. नायिका फ्रँकी मॅकग्रा ही कॅलिफोर्नियातील सुखवस्तू घरातील तरुण परिचारिका. वडिलांच्या अभ्यासिकेत घराण्यातील वीरांची एक भिंतच आहे. पण त्या भिंतीवर गणवेशात दिसतात ते पुरुषच. भावापाठोपाठ तीही व्हिएतनामला जाण्यासाठी सैन्यात नाव नोंदवते. ती निघण्यापूर्वीच भाऊ धारातीर्थी पडल्याची वार्ता येते. तरीही ती जाते.

युद्धभूमीवरील रुग्णालयात कोणाला आधी शस्त्रक्रियेस घ्यायचे आणि कोणाचा केवळ हात धरून बसायचे, हे ठरविण्याची वेळ तिच्यावर येते. परंतु कादंबरीचे खरे मर्म ती परतल्यानंतरच्या भागात आहे. मुलगी शिक्षणासाठी फ्लॉरेन्सला गेली आहे, असे आईवडिलांनी लोकांना सांगून ठेवलेले असते. मन खचले असता ती मदत मागते, तेव्हा उत्तर मिळते की, व्हिएतनाममध्ये स्त्रिया नव्हत्याच!

फ्रँकी काल्पनिक असली, तरी वास्तव फार निराळे नाही. त्या युद्धकाळात सुमारे ११ हजार अमेरिकन स्त्रिया व्हिएतनाममध्ये होत्या. त्यांतील बहुसंख्य परिचारिका. वॉशिंग्टन येथे १९८२ साली उभारलेल्या स्मृतिभिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत; त्यांत स्त्रिया आठ. डायन कार्लसन इव्हान्स या माजी लष्करी परिचारिकेने जवळजवळ दशकभर झुंज दिली, तेव्हा कुठे १९९३ साली तेथे स्त्रियांचे स्मारक झाले. ते युद्ध योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतात. मात्र जखमी जवानाच्या उशाशी रात्र जागविणारीच्या सेवेविषयी ते असू नयेत.

हे वाचताना मला आमची आत्या आठवली. १९७१च्या युद्धात ती लष्करी रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा ‘मुलगी बाहेरगावी नोकरीस असते’ एवढेच घरच्यांनी सांगितले. पुढे तिनेही तो विषय कधी काढला नाही आणि आम्ही विचारला नाही. पत्रकार म्हणून मी आयुष्यभर परक्यांना प्रश्न विचारले. घरातील माणसाला विचारायचे मात्र राहून गेले. आता ती नाही.

१९४३ साली सिंगापूरला नेताजींनी उभारलेल्या राणी झाशी रेजिमेंटचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो करायलाच हवा. पण व्यासपीठावरील हा अभिमान घराच्या उंबरठ्याशी का अडखळतो? आपल्या कुटुंबात, शेजारीपाजारी अशी एखादी वृद्धा असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा, तिला बोलते करा. आत्याचे गणवेशातील एक छायाचित्र तिच्या ट्रंकेत सापडले. आजोबांच्या तसबिरीशेजारी मी ते लावले आहे. फार उशिरा लावले, एवढेच.