बालहृदयाचा दोष आणि रोगप्रतिकारशक्ती
(व्याख्यानाचा सारांश)



नवजात बालकाच्या हृदयात दोष आहे असे कळताच सर्वांचे लक्ष हृदयावर खिळते. ते स्वाभाविकच आहे. परंतु काही बालकांत त्या दोषाआड रोगप्रतिकारशक्तीची जन्मजात उणीव दडलेली असते. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे डायजॉर्ज सिंड्रोम.

अमेरिकेतील डॉ. अँजेलो डायजॉर्ज यांनी १९६५ साली या विकाराकडे लक्ष वेधले. बहुतेक रुग्णांत २२ व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा नसतो. सुमारे ४,००० जन्मांमागे एका बालकात असे आढळते. गर्भावस्थेत हृदयाजवळील मोठ्या रक्तवाहिन्या, थायमस ग्रंथी आणि कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या ग्रंथी यांची घडण परस्परांशी निगडित असते. त्यामुळे एकाच बिघाडाने बाळ निळे पडणे, झटके येणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे अशी लक्षणे दिसू शकतात. थायमसमध्ये टी-पेशी परिपक्व होतात. ग्रंथी लहान असेल तर त्या कमी पडतात. ती मुळीच नसणे मात्र अत्यंत विरळ.

येथेच सावधगिरी हवी. टी-पेशींची तीव्र उणीव असलेल्या बालकास शस्त्रक्रियेवेळी साधे रक्त दिल्यास रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी बालकाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. म्हणून विकिरणप्रक्रिया केलेले रक्त द्यावे लागते. बी.सी.जी. व तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस यांत जिवंत जंतू असल्याने, शंका असल्यास तपासणीनंतरच डॉक्टर त्याविषयी निर्णय घेतात. इतर बालकांचे लसीकरण मात्र कोणीही टाळू नये.

आणखी एक कळकळीची विनंती. अशा बालकाच्या मातेला 'ग्रहण पाळले नाहीस' असे कोणी म्हणू नये. दहापैकी सुमारे नऊ बालकांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. माता किंवा पिता यांच्यात तो नसतो. मात्र दोघांपैकी एकात तो असल्यास प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून दोघांचीही तपासणी व्हावी, दोषारोप नको.

ज्यांना थायमस नाही, अशा बालकांसाठी थायमस-ऊतीच्या रोपणास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. ही ऊती हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी इतर अर्भकांच्या शरीरातून काढावी लागलेल्या ग्रंथीपासून तयार करतात. एका बालकाच्या हृदयावरील उपचार दुसऱ्याला जीवनदान ठरतो! म्हणून बालहृदयाचा दोष कळताच डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा : "याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करावी का?"