वहिवाट

(मंडळाच्या कोजागिरी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'फ्रान्समधली सायकल सफर' असं छापलंय आणि त्याच्या खालच्याच ओळीत 'मसाला दूध'. तेव्हा दूध थंड व्हायच्या आत आवरतो.

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की सगळ्यांना टूर द फ्रान्स आठवते. माझं वय अठ्ठावन्न आणि पोट तुम्हा सर्वांना दिसतंच आहे, त्यामुळे तसला गैरसमज कुणाचा होणार नाही. मी बोलणार आहे ते ग्रॅव्हल, म्हणजे आपल्या भाषेत खडीच्या वाटांबद्दल. आपल्याकडे रस्त्याकडेला खडी येऊन पडली की लोक खूश होतात, चला, आता डांबर येणार! फ्रान्समध्ये माझ्यासारखे लोक डांबर सोडून मुद्दाम खडीवर जातात. कारण अगदी साधं आहे. तिथे मोटारी फारशा नसतात.

त्यासाठी सायकल जरा वेगळी लागते. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा थोडी कमीच. गिअर इतका हलका, की चढावर शेजारून चालणाऱ्या माणसाशी निवांत गप्पा मारता याव्यात. हलक्या गिअरची लाज वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. सँतेतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ होता (१८५३ ते १९३०). 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहायचा. बदलत्या गिअरचा त्याने आयुष्यभर प्रचार केला आणि लोकांनी आयुष्यभर त्याची चेष्टा केली. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे तो गेल्यानंतर सात वर्षांनी. भूक लागायच्या आधी खावं आणि तहान लागायच्या आधी प्यावं, हा त्याचा आणखी एक आग्रह. आणि मुख्य म्हणजे बरं का, गृहस्थ शाकाहारी होता! तेव्हा 'आपल्या वरणभातावर डोंगर कसा चढणार' हे कारण आजपासून बाद.

त्याच्या सँतेतिएनच्या दक्षिणेला आर्देश नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. आगगाडीने व्हालाँसला उतरायचं, रोन नदीकाठच्या सायकलमार्गाने ला वुल्त गाठायचं आणि तिथून 'दोल्चे व्हिया' धरायची. ही मुळात छोट्या रुळांची आगगाडीची लाइन. १९६८ साली गाडी बंद झाली, पुढे रुळांच्या जागी दाबून बसवलेली बारीक खडी आली. फाटे धरून सुमारे ९० किलोमीटर. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्यामुळे तो आपल्यालाही लागत नाही. एरियो नदीच्या काठाने, बोगद्यांतून, जुन्या पुलांवरून, ल शेलारमार्गे आपण हळूहळू सँ-आग्रेव्हला हजार मीटरच्या वर पोचतो.

तिथून पुढे मात्र खरा डोंगर. जंगलातल्या आणि शेतांमधल्या वाटांनी जेर्बिए द जाँकपर्यंत जाता येतं. हा १५५१ मीटर उंचीचा जुन्या ज्वालामुखीचा सुळका. याच्या पायथ्याशी ल्वार नदी उगम पावते. भूमध्य समुद्र तिथून दीडशेएक किलोमीटरवर, पण बाई निघतात उलट्या दिशेने आणि हजार किलोमीटर जाऊन अटलांटिकला मिळतात. मला आपली त्र्यंबकची गोदावरी आठवली. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर आणि जायचं कुठे, तर बंगालच्या उपसागराला!

आता या वाटा आल्या कुठून? सायकलवाल्यांसाठी कुणी त्या केलेल्या नाहीत. उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत, त्यांना नुसते दगडावर दगड रचून बांध घातलेले. आपल्या कोकणातला गडगाच. तिथे चेस्टनट पिकायचं, तुती लावून रेशमाचे किडे पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला किड्यांवर रोग आला. त्याचा अभ्यास करायला १८६५ साली खुद्द लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये आले होते. पाठोपाठ द्राक्षवेलींवर कीड आली, मग पहिलं महायुद्ध. तरुण मंडळी ल्योंला, सँतेतिएनला, पॅरिसला गेली. १८६१ साली या जिल्ह्यात पावणेचार लाखांहून जास्त माणसं होती, शंभर वर्षांनी अडीच लाखांच्या आसपास उरली. माणसं गेली आणि मागे गडगे अन् वाटा राहिल्या. आपण सायकल चालवतो ती या गेलेल्या माणसांच्या वाटेवर.

एका वळणावर झाडी इतकी माजली होती की सायकल उचलून घ्यावी लागणार, असं वाटलं. तेवढ्यात आतून कोयत्याचा आवाज आला. सत्तरीतले एक आजोबा आणि आणखी चौघं काटेरी झुडपं तोडत होती. माझं फ्रेंच मोडकंतोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून. पण कळलं ते असं. आजोबांचा जन्म या गावचा, नोकरी मात्र सगळी ल्योंमध्ये झाली. घर आजही तिकडेच आहे. महिन्यातून एकदा ते येतात आणि वाट साफ करून परत जातात. थोडक्यात, चाकरमानी!

"इतका त्रास कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "या वाटेने कुणी गेलंच नाही, तर ती विकली जाईल."

घरी येऊन मी याची माहिती काढली. आपल्या पाणंदीसारख्या ज्या वाटा असतात, त्यांना तिकडे 'शमँ रुराल' म्हणतात. मालकी गावाची, वापर सगळ्यांचा. लोकांची ये-जा असते, याचाच अर्थ वाट सार्वजनिक आहे असं कायदा धरून चालतो. पण वापर थांबला, तर जाहीर चौकशी करून ग्रामसभा ती विकू शकते. शेजारच्या शेतकऱ्याने कुंपण घालून तीस वर्षं बिनबोभाट ताब्यात ठेवली, तर ती त्याचीच होऊन बसू शकते. गावाला आपल्या वाटांची मोजदाद करायला सवड मिळावी, म्हणून २०२२ साली कायद्यात सुधारणा झाली. तरी मूळ गोष्ट तीच. याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, वहिवाट. मला वाटायचं, हा शब्द फक्त भाऊबंदांच्या कोर्टकचेरीत लागतो.

त्या दिवसापासून माझ्या सायकलीच्या टायरचा माग मला जरा वेगळा दिसू लागला. आपण मजा करायला जातो, पण तेवढ्यानेही वाटेची नोंद राहते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. दुपारी बारा ते दोन खेड्यातली दुकानं बंद असतात, सोमवारी तर बऱ्याचदा बेकरीही. पाव सकाळीच घ्यावा. पाणी संपलं तर कबरस्तानात जावं. दचकू नका, तिथे नळ असतो! 'नॉन पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी पिऊ नये. वाटेतलं फाटक उघडलंत तर बंद करून पुढे जा. मेंढरांपाशी मोठा पांढरा कुत्रा दिसला तर सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा आणि हळूहळू लांबून चालत जा. शरद ऋतूत रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा अंगात भडक रंगाचं काहीतरी हवंच. आणि शाकाहाऱ्यांनो, 'क्रीक' मागा. बटाट्याच्या किसाचं जाड थालीपीठच म्हणा ना. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, आणि सोबत शेळीच्या दुधाचं पिकोदाँ चीज घ्या.

शेवटचं. माझ्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, आमच्या घरापासून नदीच्या उतारापर्यंत एक पाणंद होती. आजी त्या वाटेने धुणं घेऊन जायची. गेल्या मे महिन्यात पाहिली तर निम्मी करवंदीच्या जाळीत गेलीय. वाडीतली तेरापैकी नऊ घरं बंद आहेत, आमचं धरून. पुतण्याला म्हटलं, आपण कोयते घेऊन जाऊया. तो म्हणाला, "काका, तुम्ही आठ दिवसांनी परत जाणार. मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी दोन सकाळी आम्ही दोघं गेलो. शंभरेक पावलं मोकळी झाली. यंदा डिसेंबरात पंधरा दिवस जातोय, उरलेली पुढची बघू. दर वर्षी कुणी ना कुणी यावं, म्हणून भावंडांचा ईमेल ग्रुप केलाय. दोन उत्तरं आली आहेत, त्यातलं एक 'नक्की!' असं.

पुढच्या जूनमध्ये आर्देशला यायचं असेल त्यांनी दूध पिताना मला गाठा. दिवसाला चाळीस किलोमीटर, गिअर हलका, घाई नाही.